बुरशीनाशकावरील हिरवा त्रिकोण : त्याचा अर्थ व त्याची मर्यादा

द्राक्षावर केवडा, बटाट्यावर व टोमॅटोवर करपा हे रोग आपल्या वाचकांस नवीन नाहींत. पावसाळी हवा पडली, सकाळीं पानांवर दंव राहूं लागलें, कीं फवारणीचा पंप बाहेर निघतो. या कामीं जीं बुरशीनाशकें आपल्या इकडे घरोघर वापरलीं जातात त्यांत मॅन्कोझेब हें एक प्रमुख होय. पिवळसर रंगाची ही भुकटी स्वस्त आहे, बाजारांत सर्वत्र मिळते, आणि रोग येण्यापूर्वीं पानावर तिचा थर असल्यास बुरशीचें बीज रुजूं देत नाहीं. तिच्या उपयोगाविषयीं दुमत नाहीं. परंतु ती हाताळतांना आपण जी बेफिकिरी दाखवितों ती एका गैरसमजावर उभी आहे; तो गैरसमज दूर व्हावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकाचें सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. शिक्षण मराठी शाळेपुरतेंच, तेव्हां रसायनशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु कागद कसा वाचावा हें मात्र नोकरीनें शिकविलें. जमीन खरेदी करणारा मनुष्य सातबाराचा उतारा हातीं घेतो, क्षेत्र पाहतो, आकार पाहतो, आणि समाधानानें घडी घालून खिशांत ठेवतो. ‘इतर हक्क’ या रकान्यांत सोसायटीचा बोजा आहे, कुळाचें नांव आहे, कीं वहिवाटीचा हक्क आहे, हें तो पाहत नाहीं. पुढें कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याची पाळी येते तेव्हां ध्यानांत येतें कीं उतारा खोटा नव्हता. आपणच तो अर्धा वाचला. औषधाच्या पुड्यावरील लेबलाचेंहि असेंच आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या चुलत बंधूंच्या टोमॅटोच्या वावरांत मी सहज गेलों होतों. पिंपांत पाणी भरून त्यांत भुकटी टाकली होती, आणि एक मजूर बाई कोपरापर्यंत हात घालून तें ढवळीत होती. दोन्ही हातांवर लाल चट्टे उठलेले, डोळे सुजलेले. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, “भाऊसाहेब, चार दिवस झाले, चुना लावल्यागत चुणचुणतंय. पण मालक म्हणाले हिरवं औषध हाय, त्यानं काय होत न्हाई.” बंधूंस विचारलें, तर दुकानदारानें तसें सांगितलें असें उत्तर मिळालें. संध्याकाळीं बाईंस दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला, “औषध कोणतें?” त्याचें नांव आम्हां कोणासहि सांगतां येईना. पुडा ओढ्याच्या कांठीं फेकलेला. तो शोधून आणीपर्यंत अंधार पडला. सुदैवानें बाई आठ-दहा दिवसांत बरी झाली. परंतु ‘हिरवें औषध’ हे शब्द माझ्या मनांतून गेले नाहींत.

रंगांचा अर्थ

आपल्या देशांत कीटकनाशक कायदा १९६८ सालीं झाला व त्याखालील नियम १९७१ सालीं झाले. कायद्याच्या नांवांत कीटकनाशक हा शब्द असला तरी बुरशीनाशकें व तणनाशकेंहि त्यांतच येतात. या नियमांप्रमाणें प्रत्येक पुड्यावर किंवा डब्यावर पत्त्यांतील चौकटाच्या आकाराची एक खूण असलीच पाहिजे. तिचे आडवे दोन भाग केलेले असतात. खालच्या त्रिकोणांत रंग असतो व वरच्या त्रिकोणांत इशाऱ्याचा शब्द असतो.

लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी. याच्या वरच्या भागांत कवटी व हाडें यांचें चित्र आणि ‘पॉयझन’, म्हणजे विष, हा शब्द तांबड्या अक्षरांत असतो. पिवळा रंग म्हणजे अति विषारी. येथेंहि ‘पॉयझन’ हाच शब्द असतो, पण कवटी नसते. निळा रंग म्हणजे मध्यम विषारी; त्यावर ‘डेंजर’, म्हणजे धोका, असें लिहिलेलें असतें. हिरवा रंग म्हणजे किंचित विषारी. त्यावर ‘कॉशन’, म्हणजे सावध राहा, असा शब्द असतो. वाचकांनीं येथेंच एक गोष्ट टिपून ठेवावी. या चार रंगांत ‘निर्विष’ असा रंगच नाहीं. हिरव्याचा अर्थसुद्धां ‘विषारी, पण कमी’ असाच आहे.

ही प्रतवारी कशी ठरते तें आतां पाहूं. प्रयोगशाळेंत उंदीर-घुशींच्या जातीच्या जनावरांस औषध एका वेळीं पोटांत देतात. शंभरांतील पन्नास जनावरें ज्या मात्रेनें मरतात ती मात्रा, जनावराच्या दर किलो वजनामागें किती मिलिग्रॅम पडली, तें मोजतात. हा आंकडा १ ते ५० असल्यास लाल, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५,००० असल्यास निळा, आणि ५,००० च्या वर असल्यास हिरवा रंग येतो. कातडीवाटें विष भिनण्याची प्रतवारी निराळी आहे. तेथें २०० पर्यंत लाल, २,००० पर्यंत पिवळा, २०,००० पर्यंत निळा व त्यापुढें हिरवा. आंकडा जितका लहान तितकें विष जहाल, हें ध्यानांत ठेवावें. पुष्कळांची समजूत नेमकी उलट असते.

ढोबळ हिशेब करावयाचा तर पन्नास किलो वजनाच्या प्राण्यास लाल प्रतीचें विष अडीच ग्रॅमपर्यंत, म्हणजे चिमूटभर, पुरें होतें. हिरव्या प्रतीचें पाव किलोहून अधिक लागेल. मॅन्कोझेबचा आंकडा ५,००० च्या पुष्कळ वर असल्यामुळें तें शेवटच्या प्रतींत बसतें. येथवर दुकानदाराचें म्हणणें खोटें नाहीं. मॅन्कोझेब चिमूटभर खाऊन मनुष्य तात्काळ मरत नाहीं, हें खरें.

त्रिकोण काय सांगत नाहीं

परंतु आपण औषध खात नाहीं. आपण तें ढवळतों, फवारतों, त्याच्या धुक्यांत उभे राहतों, आणि तें एक दिवस नव्हे, हंगामामागून हंगाम करितों. त्रिकोणाचा रंग एका वेळच्या मात्रेनें येणाऱ्या मृत्यूचा आहे. कातडीची आग, डोळ्यांची जळजळ, श्वासावाटें फुप्फुसांत जाणारी भुकटी, वर्षानुवर्षें थोडें थोडें अंगांत जाऊन होणारा अपाय, पोटांतील गर्भावर होणारा परिणाम, यांपैकीं एकहि गोष्ट त्या रंगांत आलेली नाहीं. सातबाराच्या भाषेंत सांगावयाचें तर त्रिकोण म्हणजे क्षेत्राचा रकाना. बोजा कोठें लिहिला आहे तें पुढें पाहिलें पाहिजे.

मॅन्कोझेबचा बोजा असा. तें कातडीस व डोळ्यांस त्रास देतें, आणि वारंवार लागल्यास कांहीं माणसांच्या अंगास तें इतकें सोसेनासें होतें कीं पुढें थोड्याशा स्पर्शानेंहि चट्टे उठतात. उष्णतेनें व दमटपणानें ही भुकटी कुजते, व त्यांतून एथिलीन थायोयुरिया नांवाचा पदार्थ तयार होतो. अंगांत गेलेल्या मॅन्कोझेबपासूनहि हाच पदार्थ बनतो. जनावरांवरील प्रयोगांत त्यानें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीस अपाय होतो असें दिसून आलें आहे. या कारणांनीं पुढें काय झालें तें पाहण्याजोगें आहे. युरोपीय संघानें डिसेंबर २०२० मध्यें मॅन्कोझेबच्या परवान्याचें नूतनीकरण करण्याचें नाकारलें. प्रजननास अपाय व शरीरांतील ग्रंथींच्या कार्यांत बिघाड हीं त्याचीं प्रमुख कारणें होतीं. आपल्या देशांत तें आजहि विकलें व वापरलें जातें. म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु एक बाजारपेठ ज्या वस्तूस दार बंद करते, ती आपण उघड्या हातानें ढवळावी, हें शहाणपणाचें नव्हे.

तात्काळ मृत्यु न आणणारें विष काय करूं शकतें याचा दाखला तुर्कस्तानांत घडलेला आहे. तेथील आग्नेय भागांत १९५५ च्या सुमारास बियाण्याच्या गव्हास काणी लागूं नये म्हणून हेक्झाक्लोरोबेंझीन नांवाचें बुरशीनाशक चोळून तो शेतकऱ्यांस वांटला गेला. टंचाईचे दिवस होते. पेरणीचा गहूं लोकांनीं दळून खाल्ला. या औषधाचा प्रयोगशाळेंतील आंकडा सुमारें १०,००० आहे, म्हणजे आपल्या प्रतवारीनें तें सरळ हिरव्यांत जाईल. कोणी जागचे जागीं पडलें नाहीं, म्हणून खाणें चालूच राहिलें. मग उन्हांत जातांच कातडीवर फोड येऊं लागले, चेहऱ्यावर व हातांवर काळें लव दाटलें. हा प्रकार १९५९ पर्यंत चालला व तीन हजारांवर माणसें आजारी पडलीं. आयांच्या दुधावाटें विष गेल्यामुळें अंगावर पिणारीं पुष्कळ अर्भकें दगावलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें पुढें या औषधास आपल्या यादींत सर्वांत घातक वर्गांत घातलें, आणि तेंहि प्रयोगशाळेंतील आंकड्यावरून नव्हे, तर माणसांना जें भोगावें लागलें त्यावरून.

इराकांतील प्रकार १९७१-७२ सालचा आहे. तेथें पाऱ्यापासून केलेलें बुरशीनाशक लावलेलें बियाणें परदेशांतून आलें. पोत्यांवर इशारा छापलेला होता, परंतु तो स्पॅनिश व इंग्रजी भाषांत. आणि कवटीच्या चित्राचा अर्थ खेड्यांतील माणसांस ठाऊक नव्हता. बियाण्यास ओळखण्यासाठीं तांबडा रंग दिला होता. तो धुतल्यावर गेला, म्हणून विषहि गेलें असें लोकांस वाटलें. पारा मात्र दाण्यांतच राहिला, आणि लक्षणें दिसावयास कित्येक आठवडे लागले. रुग्णालयांत ६,५३० माणसें दाखल झालीं व त्यांपैकीं ४५९ मेलीं. इशारा छापलेला होता, पण तो वाचणारा नव्हता.

आपली स्थिति इराकांतील शेतकऱ्यांसारखी नाहीं. आपल्या नियमांप्रमाणें पुड्याबरोबर माहितीपत्रक असावें लागतें, आणि तें हिंदी व इंग्रजीबरोबर त्या त्या प्रांताच्या भाषेंतहि असावें लागतें. कोणत्या पिकावर, किती प्रमाणांत, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनीं माल तोडावा, विषबाधेचीं लक्षणें कोणतीं, प्रथमोपचार काय, उतारा आहे कीं नाहीं, रिकामा पुडा कसा नष्ट करावा, हें सर्व त्यांत असतें. हाच तो ‘इतर हक्कां’चा रकाना. अक्षर बारीक असतें हें खरें. चष्मा लावून वाचावें, किंवा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावें.

हाताळणीचे नियम

खरेदी करतांना पुडा सीलबंद आहे, नोंदणी क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख स्पष्ट आहे, हें पाहून पावती घ्यावी. सुटें औषध कागदांत बांधून कधींहि घेऊं नये. लेबलावांचून औषध म्हणजे सह्या-शिक्क्यावांचून दस्तऐवज होय.

साठवण कोरड्या, हवेशीर व कुलपाच्या जागीं करावी. धान्य, पेंड, मीठ, पीठ यांच्या शेजारीं औषध ठेवूं नये. केरळांत व मद्रास प्रांतांत १९५८ सालीं पॅराथिऑन हें कीटकनाशक व गव्हाचें पीठ यांचा वाहतुकींत संसर्ग होऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्याची चौकशी झाली, आणि वर सांगितलेला १९६८ चा कायदा पुढें त्यांतूनच आला. मॅन्कोझेबची भुकटी दमट होऊन तिच्या गांठी झाल्या असतील तर ती वापरूं नये. गेल्या सालचा फुटका पुडा काटकसर म्हणून ठेवण्यांत फायदा नाहीं.

सर्वांत अधिक धोका फवारण्याच्या वेळीं नसून पुडा उघडून मिश्रण करण्याच्या वेळीं असतो, कारण तेव्हां औषध पाणी न मिसळलेलें, पूर्ण जोराचें असतें. पुडा दातानें फाडूं नये, कात्रीनें कापावा. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. रबरी हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास लेबलावर सांगितलेला मुखवटा असावा. उपरणें किंवा पदर नाकावर गुंडाळल्यानें बारीक भुकटी अडत नाहीं, आणि तेंच कापड भिजलें म्हणजे औषध तोंडाशीं धरून ठेवतें. मिश्रण लांब काठीनें ढवळावें. मापास व ढवळण्यास घेतलेलें भांडें पुन्हां घरांत नेऊं नये. आपल्या मनानें दोन-तीन औषधें एकत्र करूं नयेत. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कापसावरील फवारणींत वीसाहून अधिक माणसें दगावलीं. तीं औषधें कीटकनाशकें होतीं. तथापि संरक्षक साधनांवांचून फवारणी व औषधांची मनास येईल तशी सरमिसळ, हीं त्या वेळीं पुढें आलेलीं कारणें बुरशीनाशकांसहि लागू आहेत.

फवारणी सकाळीं किंवा उतरत्या उन्हांत, वारा मंद असतां करावी. भर उन्हांत घामानें भिजलेल्या कातडींतून औषध अधिक शिरतें, आणि साधनेंहि अंगावर सोसवत नाहींत. काम चालू असतां विडी ओढणें, तंबाखू मळणें, पाणी पिणें वर्ज्य करावें. आधीं साबणानें हात धुवावे. नोझल तुंबल्यास तोंडानें फुंकूं नये. काम संपल्यावर आंघोळ करावी, कपडे घरच्या धुण्यांत न मिसळतां निराळे धुवावे. पंप ओढ्यांत किंवा विहिरीच्या कांठीं धुऊं नये, कारण मॅन्कोझेब माशांस व पाण्यांतील इतर जीवांस फार घातक आहे. रिकामा पुडा फाडून, वस्तीपासून व पाण्यापासून दूर, खोल पुरावा. त्यांत कोणी बियाणें किंवा मसाला भरून ठेवूं नये. गरोदर स्त्रिया, अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आया व लहान मुलें यांस या कामास लावूंच नये.

बाधा झाल्यास

कातडीवर पडल्यास कपडे काढून साबण व भरपूर पाणी यांनीं धुवावें. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्याची धार सोडावी. श्वासास त्रास झाल्यास मोकळ्या हवेंत न्यावें. पोटांत गेल्यास आपल्या बुद्धीनें ओकारी काढूं नये, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें, आणि पुडा किंवा माहितीपत्रक बरोबर न्यावें. ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची आहे तें सांगतों. मॅन्कोझेब हें डायथायोकार्बामेट वर्गांतील आहे, व त्यावर असा खास उतारा नाहीं. लक्षणें पाहून उपचार करावे लागतात. कार्बामेट वर्गांतील कीटकनाशकांची बाधा अगदीं निराळी, व तिच्यावर अॅट्रोपीन देतात. नांवांत साम्य, परंतु विषाची क्रिया भिन्न. अशा वेळीं ‘हिरवें औषध होतें’ एवढेंच सांगणारा मनुष्य डॉक्टरांस कांहींच सांगत नाहीं.

जातां जातां एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. या मासिकाचे वाचक बहुतेक खातेदार आहेत. पुडा खरेदी करणारे, पावती खिशांत ठेवणारे, लेबल वाचूं शकणारे आपण. आणि पिंपांत हात घालणारे, पाठीवर पंप घेणारे बहुधा दुसरेच, ज्यांस तें वाचतां येत नाहीं, किंवा वाचावयास तें त्यांच्या हातीं दिलें जात नाहीं. त्या बाईनें औषधाविषयीं जें मानलें तें मालकाच्या शब्दावर मानलें. मालकानें तें दुकानदाराच्या शब्दावर मानलें. पुड्यावरचा शब्द मात्र कोणीच वाचला नाहीं. बंधूंनीं पुढच्या हंगामापूर्वीं हातमोजांच्या चार जोड्या, मुखवटे व चष्मे आणले. त्यास आलेला खर्च एका फवारणीच्या औषधाहून जास्त नव्हता. आतां तेथें मिश्रण करण्यापूर्वीं माहितीपत्रक सर्वांदेखत मोठ्यानें वाचण्याचा प्रघात आहे, आणि पुडा दिवस संपेपर्यंत वावरांतील खोपीच्या खुंटीस पिशवींत अडकवून ठेवतात.

वाचकांनींहि एवढें करावें अशी विनंति आहे. त्रिकोण जरूर पाहावा; लाल व पिवळ्यापासून तो आपणांस सावध करितो. परंतु हिरवा पाहून थांबूं नये. उतारा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचावा, आणि ज्याच्या हातीं तें औषध जाणार त्यासहि तो वाचून दाखवावा.